समजून दिलेली संमती

यवतमाळ–धामणगाव रस्त्यावरच्या बाभुळगावात राहून, शेती किंवा नोकरी न सोडता, राज्यव्यवस्था, नागरिकत्व आणि संविधान या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणे आज शक्य झाले आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली स्थापन झाले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली. २०१७ पासून ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावर देशातल्या प्राध्यापकांची व्याख्याने कुणालाही ऐकता येतात, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने ऑनलाइन पदव्यांची चौकट ठरवून दिली. कापूस, तूर आणि सोयाबीन पिकवणाऱ्या या तालुक्यातली एखादी अंगणवाडी सेविका, एखादा शिक्षक किंवा ग्रामपंचायतीची सदस्य दिवसभराचे काम आटोपून रात्री मोबाइलवर मूलभूत हक्कांवरचे व्याख्यान ऐकू शकते. अशा शिक्षणाची गोष्ट निघाली की पहिला प्रश्न नोकरीचा येतो, आणि तो रास्तच आहे. पण त्याच्या मागे एक जुना, तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. संविधान हा विषय इतर विषयांसारखा शिकता येतो का? रसायनशास्त्र शिकणाऱ्याचे रसायनांशी काही देणेघेणे ठरलेले नसते. संविधान शिकणारा मात्र ज्या कराराचा अभ्यास करतो, त्या कराराचा तो स्वतः पक्षकार असतो. माझे म्हणणे असे, की संविधानाचा अभ्यास म्हणजे नागरिकाने आपली संमती समजून-उमजून देणे होय. धर्मपरंपरांनी जिला साधना म्हटले तिच्या फार जवळची ही कृती आहे. ती घरात, एकट्याने, पडद्यासमोर सुरू होऊ शकते. पण तिथे पुरी होऊ शकत नाही. ती पुरी होते माणसांत, आणि बाभुळगावच्या विद्यार्थ्यासाठी ती माणसे दाराबाहेरच आहेत.

संविधानाचा अधिकार येतो कुठून, हा प्रश्न घटना समितीपुढे धर्माच्याच भाषेत उभा राहिला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू असताना हरी विष्णू कामत यांनी एक दुरुस्ती मांडली. ते आपल्याच जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडातून समितीवर निवडून गेले होते. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा, अशी त्यांची मागणी होती. तिला विरोध करणाऱ्यांत आस्तिकही होते. हृदयनाथ कुंझरू यांचा आक्षेप असा, की श्रद्धा हा माणसाचा अगदी आतला विषय आहे आणि ती सर्वांच्या वतीने कुणी जाहीर करू नये. दुरुस्ती मागे घेण्याची विनंती झाली, कामतांनी ती मानली नाही, आणि मतदान झाले. बाजूने ४१ आणि विरुद्ध ६८ मते पडून दुरुस्ती फेटाळली गेली. या मतदानात ईश्वराचा अवमान झाला, असे मला वाटत नाही. समितीने एवढेच ठरवले, की या दस्तऐवजाला बळ देणारी शक्ती लोक हीच असेल. पण असे ठरवल्याबरोबर लोकांवर मोठे ओझे येते. जो आदेश ईश्वराचा, तो न समजताही पाळता येतो. त्याचे प्रामाण्य पाळणाऱ्याच्या समजुतीवर अवलंबून नसते. जो आदेश आपणच आपल्याला दिला, तो न समजता पाळला तर तो आपला आदेशच उरत नाही. देणारा आणि घेणारा एकच असेल, तर देण्याघेण्याचा अर्थ त्याला कळलेला असावा लागतो. न समजता दिलेली संमती कायद्याच्या नजरेत कदाचित टिकेल, नीतीच्या नजरेत टिकणार नाही.

यावर कुणी म्हणेल, की संमती १९४९ सालीच देऊन झाली. आता ती पुन्हा देण्याचे कारण काय? कारण असे, की ती संमती तेव्हाही अपुरीच होती. घटना समिती प्रौढ मताधिकारावर निवडलेली नव्हती. मर्यादित मताधिकारावर आलेल्या प्रांतिक विधिमंडळांनी तिचे बहुतेक सभासद निवडले होते. त्या काळच्या बाभुळगावातल्या बहुतेक शेतमजुरांना आणि बहुतेक स्त्रियांना त्या निवडीत मत नव्हते. शिवाय आज हयात असलेले बहुसंख्य लोक १९५० नंतर जन्मलेले आहेत. म्हणजे ‘आम्ही भारताचे लोक’ यातला ‘आम्ही’ प्रत्येक पिढीत नव्याने घडवावा लागतो. हे कसे घडते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि त्यांना २२ प्रतिज्ञा दिल्या. या प्रतिज्ञा त्यांनी लोकांच्या वतीने परस्पर घेऊन टाकल्या नाहीत. प्रत्येकाने त्या स्वतःच्या तोंडाने उच्चारल्या. जन्माने मिळालेली ओळख आणि समजून स्वीकारलेली बांधिलकी यांतले अंतर त्या उच्चाराने ओलांडले गेले. आपल्याला नागरिकत्व जन्माने मिळते, आणि ते तसेच मिळाले पाहिजे. अभ्यासाची अट घालून कुणाचेही नागरिकत्व तोलण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण जन्माने मिळालेले नागरिकत्व समजून स्वीकारण्याची वाट खुली असावी, आणि जो त्या वाटेने जाईल त्याच्या श्रमाला प्रतिष्ठा असावी. संविधानाच्या पदवीकडे मी या दृष्टीने पाहतो.

शिकणे म्हणजे काय, याचा विचार आपल्या परंपरांनी बारकाईने केला आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला ज्ञानाच्या पायऱ्या सांगतात: श्रवण, मनन आणि निदिध्यासन. बौद्ध परंपरेत प्रज्ञा तीन प्रकारची मानली आहे. ऐकून आलेली ती श्रुतमयी, विचार करून आलेली ती चिंतनमयी, आणि स्वतःच्या जगण्यात मुरवून आलेली ती भावनामयी. आत्म्याच्या प्रश्नावर एकमेकांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या या दोन परंपरा शिकण्याच्या क्रमाबद्दल मात्र जवळजवळ एकच गोष्ट सांगतात. ऐकणे आवश्यक आहे. त्यावर शंका घेऊन विचार करणेही आवश्यक आहे. पण या दोहोंनी माणूस बदलत नाही. तो तिसऱ्या पायरीवर बदलतो.

ऑनलाइन शिक्षण पहिल्या दोन पायऱ्या उत्तम रीतीने चढवू शकते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ९ डिसेंबर १९४६ ला सुरू झालेल्या घटना समितीचे वादविवाद आज घरबसल्या विनामूल्य वाचता येतात. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचे खंड पाहायला मोठ्या शहरातले ग्रंथालय गाठावे लागले असते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संकेतस्थळावर आहेत. मनन कसे करावे, याचा धडा त्या निकालांतच मिळतो. केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला. केरळातल्या एका मठाचे स्वामी याचिकाकर्ते होते. मठाच्या जमिनीपासून निघालेला वाद संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारापर्यंत पोहोचला. तेरा न्यायाधीश बसले, आणि संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही मोडता येणार नाही, हे तत्त्व सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने ठरले. या निकालाचा खरा विद्यार्थी सात न्यायाधीशांची मते वाचून थांबत नाही. उरलेल्या सहा न्यायाधीशांनी काय म्हटले आणि का म्हटले, हेही त्याला वाचावे लागते. लोकांनी निवडलेल्या संसदेला न निवडलेल्या न्यायाधीशांनी का अडवावे, या प्रश्नाला त्याला स्वतःच्या बुद्धीने भिडावे लागते. जे मत आपले नाही, त्यातले बळ ओळखायला शिकवणारा हा अभ्यास आहे. इतके झाले तर चिंतनमयी प्रज्ञा आली असे म्हणता येईल.

तिसऱ्या पायरीवर मात्र संविधानाचा अभ्यास आत्मज्ञानाच्या वाटेपासून वेगळा होतो. उपनिषदातला निदिध्यास एकांतात होऊ शकतो, ध्यानही एकांतात होऊ शकते. संविधानाचे तसे नाही, कारण त्याच्या मुळाशी असलेले मूल्य एकट्याने आचरताच येत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी ग्रोट या ग्रीसच्या इतिहासकाराचा आधार घेऊन संवैधानिक नीतीचा विचार मांडला. ही नीती माणसात उपजत नसते, ती मेहनतीने जोपासावी लागते आणि आपल्या लोकांनी ती अजून शिकायची आहे, असे त्यांनी बजावले. ती कशाने जोपासावी, याचा धागा त्यांच्या ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात मिळतो. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, तिचे मूळ राज्यशास्त्रात नसून धर्मात आहे आणि आपण ती बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, असे त्यांनी तिथे सांगितले. स्वातंत्र्य आणि समतेला कायद्याचे संरक्षण देता येते. पण माणसाच्या मनात बंधुता नसेल तर ते संरक्षण कोरडे राहते, हा त्या भाषणाचा गाभा आहे. मला हा विचार निर्णायक वाटतो. स्वातंत्र्याचा भंग झाला तर न्यायालयात जाता येते, समतेचा भंग झाला तरी जाता येते. शेजाऱ्याने बंधुता दाखवली नाही म्हणून कुठल्या कलमाखाली दाद मागणार? बंधुता वाचून कळते, विचार करून पटते. पण अंगी येते ती फक्त दुसऱ्या माणसाशी वागताना, आणि तीही आपल्या आवडीच्या माणसाशी वागताना नव्हे. भिन्न जातीच्या, भिन्न पक्षाच्या, ज्याच्याशी बांधाचा वाद चालू आहे अशा माणसाशी आपण कसे बोलतो, यात तिची परीक्षा असते. ही परीक्षा कोणत्याही विद्यापीठाला ऑनलाइन घेता येणार नाही.

इथे दूरशिक्षणावरचा नेहमीचा आक्षेप उलटतो. वर्ग नाही, वसतिगृह नाही, चर्चेची जागा नाही, म्हणून हे शिक्षण दुय्यम, असे म्हटले जाते. बहुतेक विषयांपुरते त्यात तथ्य असेल. पण संविधानाच्या तिसऱ्या पायरीसाठी लागणारी प्रयोगशाळा विद्यापीठाच्या आवारात नसतेच. ती गावात असते. नागपूर-पुण्याला जाऊन शिकणारा विद्यार्थी बहुधा आपल्यासारख्याच विचारांच्या तरुणांत वावरतो, आणि शिकून झाल्यावर परत येतोच असे नाही. पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला गेले, तिथे त्यांनी वेदवाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर डॉक्टरेट मिळवली. परत येऊन १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली आणि पुढे घटना समितीत बसले. धर्माचा इतिहास, लोकशिक्षण आणि संविधान एकाच आयुष्यात जोडणारा असा माणूस विरळा, आणि परत येणे हा त्याच्या थोरवीचा मोठा भाग होता. ऑनलाइन विद्यार्थ्यापुढे परत येण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण तो गेलेलाच नसतो. सकाळी त्याने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम १७ वाचले, तर गावातला पाणवठा, स्मशान आणि पंगत दुपारी त्याच्यासमोर असतात. दूरशिक्षण विद्यापीठापासून दूर असते, जगण्यापासून नव्हे.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप खुद्द आंबेडकरांचाच आहे. ज्या भाषणात त्यांनी संवैधानिक नीतीचा विचार मांडला, त्याच भाषणात खेड्यावर अत्यंत कठोर टीका केली. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीय वृत्तीचे घर, असे त्यांचे मत होते. मसुद्याने खेडे बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक मानला, याचे त्यांना समाधान होते. मग संविधानाच्या साधनेसाठी गाव हीच जागा का म्हणायची? या टीकेचे एक अक्षरही कमी करण्याची माझी तयारी नाही. ज्यांनी गावकुसाबाहेरचे जगणे सोसले, त्यांच्यासाठी शहराची वाट मुक्तीची होती आणि आजही अनेकांसाठी आहे. पण सात वर्षांनी, १९५५ साली, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीतून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ आली. बाभुळगावच्या परिसरात हा ग्रंथ आजही घरोघरी वाचला जातो. त्यात गावालाच देव मानले आहे. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. नीट पाहिले तर तुकडोजी महाराज आहे त्या गावाची आरती करत नाहीत. अस्पृश्यता, व्यसन, अज्ञान आणि भांडणे यांनी मळलेले गाव झाडून-पुसून उभे करणे हीच पूजा, असे त्यांचे सांगणे आहे. आंबेडकरांनी रोगाचे निदान केले, तुकडोजी महाराजांनी रोग्याला टाकून जाऊ नका म्हटले. निदान मान्य केल्याशिवाय सेवा आंधळी होते, आणि सेवेशिवाय निदान कागदावर राहते. संविधान शिकणाऱ्याला दोन्ही लागतात. शिवाय १९४८ च्या आणि आजच्या गावात संविधानाने एक फरक केला आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. तिने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले, आणि पंचायतीत अनुसूचित जाती, जमाती व स्त्रियांसाठी जागा राखल्या; महाराष्ट्राने पुढे स्त्रियांचा वाटा निम्मा केला. ज्या खेड्याला मसुद्याने दूर ठेवले होते, त्याच्या चावडीपर्यंत संविधान आता स्वतः चालत आले आहे.

ते चावडीवर आले, पण त्याला ओळखणारे तिथे किती आहेत? महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती पुरते. तरीही सभा तहकूब होण्याचा अनुभव अनेक गावांना आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. ती अनेकदा रजिस्टरवरच्या सह्यांपुरती उरते. गावात शिकलेला एक माणूस असेल तर तो इथे काय करू शकतो, हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवून दिले आहे. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून अभ्यासगटाची पद्धत रुजली. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचे, वाद घालायचा, माहितगार माणसाला बोलावून विचारायचे. निर्णय मात्र ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा होते, ते या अभ्यासाच्या बळावर. श्रवण, मनन आणि आचरण या तीन पायऱ्या इथे एका गावाने मिळून चढलेल्या दिसतात. बाभुळगाव तालुक्याचे प्रश्न वेगळे आहेत. खुद्द बाभुळगावात आता नगरपंचायत आहे, त्यामुळे तिथे ग्रामसभा भरत नाही. भोवतालच्या गावांना ती आहे. बेंबळा धरणाने तालुक्यातल्या कित्येकांची जमीन आणि घरे पाण्याखाली नेली. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने मूलभूत हक्कांतून काढला गेला, पण कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता घेता येणार नाही, ही हमी कलम ३०० क मध्ये राहिली. हा फरक ज्याला उलगडून सांगता येतो, तो विस्थापितांच्या बैठकीत उपयोगी पडतो. सातबारावर बहिणीचे नाव लावायचे की नाही, हा प्रश्न तर प्रत्येक घरात आहे. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने दिला. संविधान शिकलेल्या भावाने आपल्याच बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतली, तर त्याच्या पदवीला काय अर्थ राहिला?

दुसरा आक्षेप धर्माच्या बाजूने येतो. संविधानाच्या अभ्यासाला साधना म्हणणे म्हणजे आणखी एक पोथी, आणखी एक पूजा उभी करणे नाही का? ही भीती निराधार नाही. उद्देशिकेचे सामूहिक वाचन विदर्भात शाळाशाळांतून होते. २६ नोव्हेंबर हा २०१५ पासून देशभर संविधान दिन म्हणून पाळला जातो. वाचन चांगलेच आहे, पण ते अर्थाविना चालू राहिले तर पारायण होते. आंबेडकरांनीच २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले होते, की धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीची वाट असू शकेल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. म्हणून मी पूजेची नव्हे, अभ्यासाची बाजू घेतो. संविधान स्वतःला अपरिवर्तनीय म्हणवून घेत नाही. कलम ३६८ त्याच्या पोटातच आहे आणि २०२३ पर्यंत त्यात १०६ दुरुस्त्या झाल्या आहेत. ज्या ग्रंथात स्वतःच्या दुरुस्तीची रीत लिहिलेली आहे, त्याच्याशी नाते प्रश्न विचारूनच जोडता येते. श्रद्धावान माणसाला यात काही गमवावे लागत नाही. कलम २५ त्याला सद्सद्विवेकाचे आणि धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देते, पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीती, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन ठेवते. २०१६ साली मुंबई उच्च न्यायालयाने शनी शिंगणापूरच्या प्रकरणात स्त्रियांच्या प्रवेशाचा हक्क मान्य केला, तेव्हा देवावरची कुणाची श्रद्धा काढून घेतली नाही. त्या देवापुढे उभे राहण्याचा हक्क सर्वांचा आहे, एवढेच सांगितले. चोखोबांना मंदिराबाहेर ठेवल्याचे दुःख शतकानुशतके गाणाऱ्या मराठी भाविकाला ही गोष्ट परकी वाटू नये.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. ऑनलाइन पदवीने वकील होता येत नाही. कायद्याचे शिक्षण दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास २०२० च्या नियमावलीतच मनाई आहे, आणि मान्यतेविना ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने चालवलेल्या एलएलएमविरुद्ध बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२५ साली जाहीर ताकीद दिली. ज्याला सनद हवी, त्याने मान्यताप्राप्त विधी महाविद्यालयातच गेले पाहिजे. राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासन अशा विषयांतल्या, विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त आणि ऑनलाइन पदव्या मात्र नियमित पदव्यांच्या बरोबरीच्या मानल्या जातात. आयोगाने २०२२ साली हे पुन्हा स्पष्ट केले. म्हणून प्रवेशाआधी मान्यता तपासणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम आहे. फसव्या जाहिरातीला बळी पडून कर्ज काढणे या भागातल्या कुटुंबाला परवडणारे नाही. पण नागरिक होण्यासाठी सनद लागत नाही, हेही तितकेच खरे आहे. ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारायला, माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायला, शेजारणीला तिचा वारसाहक्क समजावून सांगायला काळा कोट लागत नाही.

चौथा आक्षेप पोटाचा आहे. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर घेतले गेले, तिथे कापसाला भाव नसताना संविधान वाचून काय करायचे? हा प्रश्न विचारणाऱ्याला मी उपदेश करणार नाही. पदवीने कापसाचा भाव वाढत नाही. पण भुकेचा आणि हक्काचा संबंध महाराष्ट्रानेच देशाला दाखवला आहे. काम मिळण्याचा हक्क कलम ४१ मध्ये मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. त्यासाठी न्यायालयात जाता येत नाही, असे कलम ३७ सांगते. बहात्तरच्या दुष्काळाने पोळलेल्या या राज्यात त्या तत्त्वाला १९७७ साली रोजगार हमी कायद्याचे रूप मिळाले, आणि २००५ साली केंद्राने त्याच वाटेवरून पाऊल टाकले. कागदावरचे तत्त्व मजुराच्या हातातली मजुरी झाले, कारण कुणीतरी ते वाचले, कुणीतरी त्यासाठी मोर्चे काढले, कुणीतरी त्याचा कायदा लिहिला. दुःखाचे दोन भाग असतात: एक निसर्गाचा आणि बाजाराचा, दुसरा आपल्याला काय मागता येते हे माहीत नसण्याचा. दुसरा भाग अभ्यासाने कमी होतो.

शेवटचा धोका आक्षेप घेणाऱ्यांकडून नाही, शिकणाऱ्याकडूनच आहे. अर्धे कायदे पाठ केलेला माणूस गावात दहशत होऊ शकतो. अर्ज-तक्रारींचा धाक घालून तो लोकांना नमवतो, भांडणे लावतो, आणि आपल्या ज्ञानाची किंमत वसूल करतो. म्हणून विद्येला शीलाची जोड हवी, हा आंबेडकरांचा आग्रह होता. बौद्ध धम्मात प्रज्ञेशेजारी शील आणि करुणा आहेत, त्या याचसाठी. ज्ञान मिळाल्यावर माणूस शेजाऱ्याशी अधिक नम्र झाला की अधिक उर्मट, यावरून ते ज्ञान संविधानाचे होते की नुसते कलमांचे होते, हे ठरवावे. विरोधकाचे पूर्ण ऐकून घेणे, सभेत अल्पमतात पडल्यावर निर्णय मान्य करून पुन्हा समजावत राहणे, आपल्या जातीच्या माणसाची चूक दिसली तर ती उघड बोलणे, या गोष्टी प्रश्नपत्रिकेत येत नाहीत. पण यांच्याविना पदवी अपुरीच राहते.

म्हणून अभ्यासक्रम चालवणाऱ्या विद्यापीठांना माझे सांगणे आहे, की संविधानाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा भाग सक्तीचा करा. विद्यार्थ्याने वर्षभर आपल्या गावच्या ग्रामसभांना किंवा नगरपंचायतीच्या प्रभागातल्या बैठकांना हजर राहावे, तिथे काय ठरले आणि काय राहून गेले ते लिहावे, आणि त्याचे मूल्यमापन लेखी परीक्षेइतक्याच गांभीर्याने व्हावे. आणि बाभुळगाव तालुक्यात रात्री मोबाइलसमोर बसून हा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे: आठवड्यातून एकदा पाच-सहा माणसे गोळा करा, त्यांत स्त्रिया असतील आणि सगळी माणसे एकाच आळीतली नसतील हे पाहा, आणि त्या आठवड्यात जे शिकलात ते वऱ्हाडीत सांगा. त्यांचे प्रश्न ऐका. उत्तर येत नसेल तर शोधून पुढच्या आठवड्यात द्या. विद्यापीठ तुम्हाला पदवी देईल. नागरिकत्वाची साधना मात्र या बैठकीत होईल, आणि ती सुरू करायला कुणाच्याही परवानगीची गरज नाही.